एडगर एफ. कॉड

एडगर फ्रँक कॉड ऊर्फ टेड कॉड (१९ ऑगस्ट, इ.स. १९२३:पोर्टलंड बेट, डॉर्सेट, इंग्लंड – १८ एप्रिल, इ.स. २००३:विल्यम्स आयलंड, फ्लोरिडा, अमेरिका) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले व अमेरिकेत कार्य केलेले गणितज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ होते. डेटाबेसच्या संबंधात्मक प्रतिमानाचे ते जनक मानले जातात. माहिती साध्या तक्त्यांच्या रूपात मांडावी आणि ती यंत्रात कोठे व कशी साठवली आहे याची चिंता वापरणाऱ्याने करू नये, हा त्यांच्या कार्याचा गाभा होय. या कार्याबद्दल त्यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.

ओरॅकल, डीबी२, मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल यांसारख्या प्रणाली कॉड यांच्या विचारावर उभ्या आहेत. आज आज्ञावली लिहिणारे अनेक जण या प्रणालींशी थेट न बोलता ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर, म्हणजेच ओआरएम, या मध्यस्थ साधनामार्फत व्यवहार करतात. हे साधन ज्या दोन विचारपद्धतींना जोडते, त्यांपैकी एक कॉड यांची आहे.

बालपण, शिक्षण आणि युद्धसेवा

कॉड यांचा जन्म इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावर झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. त्यांचे वडील चामड्याच्या वस्तूंचे उत्पादक, तर आई शिक्षिका होती. पूल येथील ग्रामर स्कूलमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले. पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या एक्झीटर कॉलेजात त्यांनी गणित व रसायनशास्त्र हे विषय घेतले.

याच काळात दुसरे महायुद्ध सुरू होते. कॉड स्वेच्छेने सैनिकी सेवेत दाखल झाले. ब्रिटनच्या शाही हवाई दलाच्या किनारा संरक्षण विभागात ते वैमानिक होते आणि पाण्यावर उतरणारी सुंदरलँड जातीची विमाने चालवीत. युद्ध संपल्यावर त्यांनी ऑक्सफर्डला परतून पदवी पूर्ण केली.

अमेरिका, कॅनडा आणि पुन्हा अमेरिका

पदवीनंतर १९४८ मध्ये कॉड अमेरिकेस गेले. काही महिने टेनेसी विद्यापीठात गणित शिकवल्यावर न्यूयॉर्क येथे आयबीएम कंपनीत गणिती आज्ञावलीकार म्हणून त्यांनी काम सुरू केले. आरंभी ते कंपनीच्या एसएसईसी या अवाढव्य गणनयंत्रासाठी आज्ञावली लिहीत. त्यानंतर आयबीएम ७०१ या संगणकाच्या विकासातही त्यांचा सहभाग होता.

१९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या मोहिमेमुळे संशयाचे वातावरण पसरले होते. त्याला कंटाळून १९५३ मध्ये कॉड यांनी अमेरिका सोडली आणि ते कॅनडातील ओटावा येथे राहावयास गेले. चार वर्षांनी, १९५७ मध्ये, ते आयबीएममध्ये परतले. तेथे स्ट्रेच या संगणकाच्या प्रकल्पात एकाच यंत्रावर अनेक आज्ञावल्या एकाच वेळी चालविण्याच्या तंत्रावर त्यांनी काम केले.

वयाच्या अडतिसाव्या वर्षी, १९६१ मध्ये, त्यांनी मिशिगन विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला. जॉन हॉलंड यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेल्या त्यांच्या प्रबंधास १९६५ मध्ये डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय डेटाबेसचा नव्हता. स्वतःची प्रतिकृती निर्माण करणाऱ्या यंत्राची जी कल्पना जॉन फॉन नॉयमन यांनी मांडली होती, तिच्यात प्रत्येक पेशीच्या २९ अवस्था लागत. कॉड यांनी ८ अवस्थांतच ते काम होऊ शकते असे दाखवून दिले. हा प्रबंध १९६८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मोठी गुंतागुंत मोजक्या व काटेकोर नियमांत बसविण्याची त्यांची वृत्ती या प्रबंधातही दिसते.

संबंधात्मक प्रतिमानापूर्वीची स्थिती

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॉड कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आयबीएमच्या संशोधन प्रयोगशाळेत आले. त्या काळी डेटाबेसच्या दोन पद्धती प्रचलित होत्या. आयबीएमच्या आयएमएस प्रणालीत माहिती वंशवृक्षाप्रमाणे रचलेली असे. ही प्रणाली अपोलो चांद्रमोहिमेच्या कामातून विकसित झाली होती. दुसरी पद्धत चार्ल्स बाखमन यांच्या आयडीएस प्रणालीतून पुढे आलेली जाळ्याची होती. तिच्यात प्रत्येक नोंद पॉइंटरच्या साहाय्याने इतर नोंदींना साखळीसारखी जोडलेली असे.

दोन्ही पद्धतींत आज्ञावली लिहिणाऱ्यास वाट माहीत असावी लागे. कोणत्या नोंदीपासून निघावे, कोणत्या साखळीने पुढे जावे, कोठे थांबावे हे सारे त्याला स्वतः लिहावे लागे. साठवणुकीची रचना बदलली की चालू स्थितीतील आज्ञावल्याही बंद पडत. साधा नवा प्रश्न विचारायचा झाला, तरी अनुभवी आज्ञावलीकाराची गरज भासे. हे अवलंबित्व तोडणे हे कॉड यांचे उद्दिष्ट होते.

संबंधात्मक प्रतिमान

कॉड यांनी आपली कल्पना प्रथम १९६९ मध्ये आयबीएमच्या अंतर्गत अहवालात मांडली. जून १९७० मध्ये कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम या नियतकालिकात तिचे विस्तारित रूप निबंध म्हणून प्रसिद्ध झाले. संगणकशास्त्रातील सर्वाधिक प्रभावी निबंधांत त्याची गणना होते.

'संबंध' हा शब्द येथे गणिताच्या संचसिद्धान्तातून घेतलेला आहे. संबंध म्हणजे व्यवहारात एक तक्ता. तक्त्याची प्रत्येक ओळ एक वस्तुस्थिती सांगते, तर प्रत्येक स्तंभ त्या वस्तुस्थितीचा एक गुणधर्म सांगतो. ओळींचा क्रम महत्त्वाचा नसतो आणि एकच ओळ दोनदा येत नाही. दोन तक्त्यांतील नाते पॉइंटरने न दाखवता दोन्हीकडे असलेल्या समान मूल्याने दाखविले जाते.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या वडूज येथील एखाद्या सार्वजनिक वाचनालयाच्या नोंदी संगणकावर घ्यायच्या आहेत, असे समजू. जुन्या पद्धतीत प्रत्येक सभासदाच्या नोंदीखाली त्याने नेलेल्या पुस्तकांची साखळी लावली जाई. अमुक सभासदाकडे कोणती पुस्तके आहेत, याचे उत्तर चटकन मिळे. परंतु अमुक पुस्तक सध्या कोणाकडे आहे हे शोधायचे तर सर्व सभासदांच्या साखळ्या धुंडाळाव्या लागत किंवा उलट दिशेची दुसरी साखळी आधीच बांधून ठेवावी लागे. कॉड यांच्या पद्धतीत तीन तक्ते होतात: सभासद, ग्रंथ आणि देवघेव. देवघेवीच्या तक्त्यात केवळ सभासद क्रमांक, ग्रंथ क्रमांक आणि तारीख असते. मग प्रश्न कोणत्याही बाजूने विचारला तरी तो सारख्याच सुलभतेने मांडता येतो. कोणती वाट धरायची हे यंत्र ठरविते. विचारणारा फक्त काय हवे ते सांगतो.

तक्त्यांवर करावयाच्या क्रियांचे एक बीजगणितही कॉड यांनी रचले. निवड, प्रक्षेप आणि जोडणी यांसारख्या क्रियांनी तक्त्यांपासून नवे तक्ते तयार होतात, आणि त्यांवर पुन्हा त्याच क्रिया करता येतात. या क्रिया एकेका नोंदीवर न होता संपूर्ण संचावर एकदम होतात, ही बाब कॉड यांना विशेष महत्त्वाची वाटे.

तक्ते कसे असावेत याचेही नियम त्यांनी दिले. वरील उदाहरणात सभासदाचा पत्ता देवघेवीच्या प्रत्येक ओळीत लिहिला, तर तो बदलल्यावर अनेक ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल आणि एखादी ओळ सुटली की नोंदी परस्परविरोधी होतील. म्हणून प्रत्येक वस्तुस्थिती एकाच जागी नोंदवावी, असे हे तत्त्व आहे. त्यास नॉर्मलायझेशन म्हणतात. पहिले सामान्य रूप कॉड यांनी १९७० च्या निबंधात, तर दुसरे व तिसरे रूप त्यानंतरच्या लेखनात मांडले. पुढे रेमंड बॉइस यांच्या सहकार्याने बॉइस-कॉड सामान्य रूप सिद्ध झाले.

विरोध आणि वादविवाद

या कल्पनेचे स्वागत सर्वत्र झाले नाही. आयएमएस ही आयबीएमला मोठे उत्पन्न मिळवून देणारी प्रणाली होती. कंपनीच्याच प्रयोगशाळेतील एका संशोधकाने तिचा पाया अपुरा ठरवावा, हे व्यवस्थापनास रुचणारे नव्हते. शिवाय वाट शोधण्याचे काम यंत्रावर सोपविल्यास प्रणाली व्यवहारात चालणार नाही इतकी संथ होईल, असा अनेक तज्ज्ञांचा आक्षेप होता. कॉड यांच्या निबंधांतील गणिती परिभाषा दैनंदिन व्यवहारातील आज्ञावलीकारांना कठीण वाटे, हेही एक कारण होते.

कॉड यांनी माघार घेतली नाही. त्यांनी कंपनीच्या ग्राहकांना या पद्धतीचे लाभ समजावून सांगितले आणि त्या ग्राहकांकडून कंपनीवर दबाव येऊ लागला. १९७४ मध्ये अ‍ॅन आर्बर येथील परिषदेत कॉड आणि बाखमन यांच्या पक्षांमध्ये जाहीर वादविवाद झाला. बाखमन यांना आदल्याच वर्षी ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता आणि माहितीच्या जाळ्यातून वाट काढणारा नाविक ही आज्ञावलीकाराची प्रतिमा त्यांनी गौरवाने मांडली होती. कॉड यांचा प्रयत्न नेमका त्या नाविकाची गरज संपविण्याचा होता. या वादानंतर संबंधात्मक पक्षाकडे तरुण संशोधकांचे लक्ष मोठ्या प्रमाणावर वळले.

एसक्यूएल आणि संबंधात्मक प्रणालींचा प्रसार

१९७० च्या दशकाच्या मध्यास सॅन होजे येथे सिस्टिम आर हा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी सीक्वेल ही भाषा तयार केली. तिचेच नाव पुढे एसक्यूएल झाले. त्याच काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी इन्ग्रेस ही प्रणाली उभारली. प्रश्नाचे उत्तर कोणत्या मार्गाने लवकर मिळेल हे यंत्र स्वतः ठरवू शकते, हे या दोन प्रकल्पांनी प्रत्यक्ष दाखवून दिले. त्यामुळे संथपणाचा मुख्य आक्षेप दुबळा झाला.

बाजारात मात्र आयबीएम मागे राहिली. आयबीएमच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेले निबंध वाचून लॅरी एलिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ओरॅकल ही एसक्यूएलवर आधारित प्रणाली विक्रीस आणली. आयबीएमचे एसक्यूएल/डीएस हे उत्पादन १९८१ मध्ये, तर डीबी२ हे १९८३ मध्ये आले. १९८६ मध्ये एसक्यूएलला अमेरिकेत प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला.

आपल्या विचारातून निघालेल्या या भाषेवर कॉड स्वतः समाधानी नव्हते. एसक्यूएलमध्ये एकच ओळ तक्त्यात पुनःपुन्हा येऊ शकते; यामुळे तक्ता हा गणिती अर्थाने संच राहत नाही, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. १९८८ मध्ये त्यांनी या भाषेतील दोषांवर स्वतंत्र लेखन केले.

बारा नियम आणि उत्तरकाळ

१९७६ मध्ये कॉड यांची आयबीएमचे फेलो म्हणून नियुक्ती झाली. १९८४ मध्ये त्यांनी कंपनी सोडली. त्यानंतर ख्रिस डेट व शॅरन वाइनबर्ग या सहकाऱ्यांसमवेत त्यांनी सल्लागार संस्था काढली. ख्रिस डेट हे इंग्रज लेखक असून संबंधात्मक विचार पाठ्यपुस्तकांद्वारे जगभर पोहोचविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या आडनावाचे रोमन स्पेलिंग मराठीतील 'दाते' या आडनावासारखेच असल्याने ते मराठी असावेत असा समज होऊ शकतो. तो चुकीचा आहे.

१९८० च्या दशकात अनेक कंपन्या आपली जुनी उत्पादने संबंधात्मक या नावाने विकू लागल्या. त्यास आळा घालण्यासाठी १९८५ मध्ये कॉड यांनी कम्प्युटरवर्ल्ड या साप्ताहिकात आपले प्रसिद्ध बारा नियम मांडले. शून्यापासून क्रम असल्याने प्रत्यक्षात ते तेरा आहेत. सर्व माहिती तक्त्यांतील मूल्यांच्या रूपानेच दिसली पाहिजे. साठवणुकीची रचना बदलली तरी आज्ञावल्या अबाधित राहिल्या पाहिजेत. एकेक नोंद हाताळणारी खालच्या पातळीची भाषा उपलब्ध असल्यास तिने प्रणालीचे नियम डावलता येता कामा नयेत, हे त्यांपैकी काही नियम होत. त्या वेळची कोणतीही विक्रीयोग्य प्रणाली या सर्व नियमांना पूर्णपणे उतरत नव्हती.

१९९० च्या ग्रंथात कॉड यांनी या नियमांचा विस्तार ३३३ पर्यंत नेला. उपलब्ध नसलेल्या माहितीसाठी रिक्त मूल्य वापरावे, या त्यांच्या मताबाबत डेट यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ मतभेद राहिला. १९९३ मध्ये त्यांनी ओलॅप ही संज्ञा रूढ करणारा अहवाल लिहिला. तो आर्बर सॉफ्टवेअर या कंपनीच्या साहाय्याने तयार झाला होता व त्यातील निकष त्याच कंपनीच्या उत्पादनास अनुकूल होते, म्हणून त्यावर टीका झाली. कॉड यांच्या कारकिर्दीतील हा वादग्रस्त प्रसंग मानला जातो.

ऑब्जेक्ट, तक्ते आणि ओआरएम

संबंधात्मक विचार रुजत असतानाच आज्ञावली लिहिण्याची एक वेगळी पद्धत वाढत होती. नॉर्वेचे ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी १९६० च्या दशकात घडविलेल्या सिम्युला या भाषेपासून ऑब्जेक्टची कल्पना पुढे आली. तिच्यात माहिती आणि त्या माहितीवरील क्रिया एकत्र बांधलेल्या असतात आणि एक ऑब्जेक्ट दुसऱ्याकडे थेट निर्देश करतो.

अशा भाषेत वरील वाचनालयाची आज्ञावली लिहिली, तर सभासद हा एक ऑब्जेक्ट होतो आणि त्याने नेलेल्या पुस्तकांची यादी त्याच्या पोटात असते. डेटाबेसमध्ये मात्र तीच माहिती तीन सपाट तक्त्यांत विखुरलेली असते. ऑब्जेक्टची ओळख त्याच्या स्मृतीतील स्थानावरून ठरते, तक्त्यातील ओळीची ओळख प्रायमरी कीच्या मूल्यावरून. ऑब्जेक्टच्या वर्गांना वारसा असतो. कॉड यांच्या मूळ तक्त्यांना तो नाही. हे अंतर भरून काढण्यासाठी ओआरएम साधने निर्माण झाली. गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये सुरू केलेले जावा भाषेसाठीचे हायबरनेट, रुबी ऑन रेल्समधील अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड, पायथॉनसाठीचे जँगो ओआरएम व एसक्यूएलअल्केमी ही त्यांची प्रसिद्ध उदाहरणे होत. ही साधने सामान्यतः वर्गाला तक्ता, ऑब्जेक्टला ओळ आणि गुणधर्माला स्तंभ असा मेळ घालतात. ऑब्जेक्टमध्ये झालेले बदल टिपून त्यांसाठी लागणारे एसक्यूएल ती स्वतः तयार करतात.

या सोयीत एक धोका दडलेला आहे. वाचनालयाच्या शंभर सभासदांकडील पुस्तकांची यादी छापायची आहे. आज्ञावलीकार सहजपणे एकेका सभासदाकडे जातो व त्याची पुस्तके मागतो. पडद्यामागे ओआरएम आधी सभासदांच्या यादीसाठी एक आणि नंतर प्रत्येक सभासदासाठी एक, असे १०१ प्रश्न डेटाबेसला विचारते. तक्त्यांची जोडणी करून हेच काम एका प्रश्नात होते. या दोषास एन अधिक एक प्रश्नांची समस्या म्हणतात. एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर जात वाट काढण्याची जी पद्धत कॉड यांनी १९७० मध्ये दूर सारली होती, तीच येथे नकळत परत आलेली असते. म्हणून जाणकार आज्ञावलीकार संबंधित ओळी एकदम मागविण्याची सूचना ओआरएमला आधीच देतात आणि ते कोणते एसक्यूएल तयार करते हे तपासून पाहतात. साधन वापरले तरी तक्त्यांचा विचार सुटत नाही.

अर्थपूर्ण वस्तूंचा विचार कॉड यांनी टाळला होता, असेही नाही. १९७९ च्या एका निबंधात त्यांनी आपले प्रतिमान वाढवून वस्तूंचे प्रकार व उपप्रकार यांना त्यात स्थान दिले. प्रत्येक वस्तूस प्रणालीने स्वतः दिलेले, वापरणाऱ्यास कधीही न दिसणारे ओळखचिन्ह असावे, असेही त्यांनी सुचविले. ओआरएम वापरताना बहुतेक तक्त्यांत आपोआप येणारा आयडी हा स्तंभ या कल्पनेच्या जवळचा आहे. मात्र तो लपविलेला नसतो.

सन्मान, कौटुंबिक जीवन आणि निधन

१९८१ चा ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना कॉड यांनी दिलेले व्याख्यान संबंधात्मक डेटाबेसमुळे उत्पादकता कशी वाढते, या विषयावर होते. १९९४ मध्ये ते एसीएम या संस्थेचे फेलो झाले. डेटाबेस क्षेत्रातील नवकल्पनांसाठी एसीएमच्या सिगमॉड या शाखेतर्फे दिला जाणारा पुरस्कार २००४ पासून त्यांच्या नावाने ओळखला जातो.

कॉड यांना पहिल्या विवाहापासून चार अपत्ये होती. पुढे त्यांनी शॅरन वाइनबर्ग यांच्याशी विवाह केला. १९९० च्या दशकात प्रकृती खालावल्यामुळे त्यांनी काम थांबविले. १८ एप्रिल २००३ रोजी वयाच्या ७९ व्या वर्षी हृदयविकाराने फ्लोरिडातील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

भारतातील अभियांत्रिकी व संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कॉड यांचा परिचय प्रामुख्याने पाठ्यपुस्तकांतून होतो. रमेझ एलमास्री आणि शामकांत नवाथे यांचा १९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला डेटाबेसविषयक ग्रंथ त्यांपैकी एक प्रमुख होय. संबंधात्मक बीजगणित, सामान्य रूपे आणि बॉइस-कॉड सामान्य रूप हे विषय डेटाबेसच्या अभ्यासक्रमांत आजही शिकविले जातात.